मनाच्या आजाराला औषध असते

मार्केट यार्डात घाऊक धान्याचा व्यापार करणारे पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ. तीस वर्षे पेढीवर सर्वांच्या आधी हजर राहण्याचा त्यांचा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली आणि त्यानंतर उजाडेपर्यंत डोळा लागेना. जेवणाची गोडी गेली, कपडे सैल झाले. भाव सांगताना आकडा विसरू लागला. मुलाने विचारले की उत्तर ठरलेले : "काही नाही रे, पित्त झाले आहे." हळूहळू त्यांनी मंदिरात जाणेही सोडले. पूजेत मन लागत नाही, म्हणजे आपल्या हातून काहीतरी घोर पाप घडले आहे, असे ते स्वतःशीच ठरवून बसले. घरच्यांनी पोटाची एंडोस्कोपी करून घेतली, हृदयाची तपासणी केली, पत्रिका दाखविली, शिखरजीची यात्रा घडविली. सहा महिने असेच गेले. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा त्यांच्या पत्नीचा पहिला प्रश्न होता : "डॉक्टरसाहेब, मुलीचे जमायचे आहे. कोणाला कळणार तर नाही ना?"

हे गृहस्थ कोणी एक व्यक्ती नाहीत. समाजातील अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडणारी ही हकिकत आहे. ती येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, त्यात आजार ओळखण्यासाठी लागणारी जवळजवळ सर्व माहिती आलेली आहे. पहाटेची जाग, उतरलेले वजन, मंदावलेली बुद्धी, नसलेल्या अपराधाचे ओझे. एकाही लक्षणासाठी यंत्र लागत नाही. मात्र ती चारही लक्षणे एकाच माणसाने एकत्र ऐकून घ्यावी लागतात. आपल्याकडे पोटाच्या डॉक्टरांनी पोट पाहिले, हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय पाहिले आणि अपराधाची गोष्ट कोणालाच सांगितली गेली नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश होते, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या मूळ गावांचा मुलूख होता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. ज्या समाजाने जागोजागी रुग्णालये, धर्मशाळा आणि पांजरपोळ उभे केले, ज्याच्या श्रावकाचारात आहारदान, ज्ञानदान आणि अभयदान यांच्या जोडीला औषधदान सांगितले आहे, त्या समाजाच्या घरातच औषध लपविले जावे, ही गोष्ट मनाला खटकते.

निदान कसे होते

'निदान' हा शब्द आपल्या शास्त्रात वेगळ्या अर्थाने येतो, हे जाणकार वाचकांना ठाऊक आहे. भावी भोगाची लालसा हा तेथे आर्तध्यानाचा एक प्रकार मानला आहे. येथे निदान म्हणजे केवळ रोगाची ओळख.

मनाचा आजार रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही सहसा दिसत नाही. यावरून पुष्कळ व्यापारी मंडळी असा निष्कर्ष काढतात की, डॉक्टर अंदाजाने औषध देतात. तसे नाही. पहिल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञ साधारण अर्धा-पाऊण तास बोलतात. त्रास केव्हा सुरू झाला, झोप किती, भूक किती, कामात लक्ष लागते काय, पूर्वी असे कधी झाले होते काय, घराण्यात कोणाला होते काय, कोणकोणती औषधे चालू आहेत, हे ते विचारतात आणि शक्य असल्यास घरच्यांशीही स्वतंत्रपणे बोलतात. उत्तरांबरोबरच माणसाचा चेहरा, बोलण्याची गती, विचारांची सुसंगती हेही ते पाहत असतात.

नैराश्याचे निकष तर बरेच नेमके आहेत. सतत उदास वाटणे किंवा कशातच गोडी न वाटणे, यांपैकी किमान एक लक्षण हवे. आणि झोप, भूक, थकवा, हालचालींतील मंदपणा वा अस्वस्थता, एकाग्रता, अपराधभाव, मरणाचे विचार अशी इतर धरून एकूण पाच लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, असावी लागतात. व्यापारात खोट आली आणि चार दिवस जेवण गोड लागले नाही, हा आजार नव्हे. खोट भरून निघाली तरी माणूस सावरला नाही, हे मात्र काळजीचे. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावलीही फार वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा अधिक आली की सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. व्यापाऱ्याला ही पद्धत पटते, असा अनेक डॉक्टरांचा अनुभव आहे. बेरीज समोर दिसते.

रक्ताच्या काही तपासण्या मात्र आवर्जून करतात आणि त्या मनासाठी नव्हे, शरीरातील चोर पकडण्यासाठी. थायरॉईडचे काम मंदावले की माणूस सुस्त, उदास आणि विसराळू होतो. रक्तातील लोह कमी असेल तर थकवा येतो. आणि आपल्या शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतीजन्य आहारातून जवळजवळ मिळत नाही. दूध-दह्यातून जे मिळते तेवढेच. ते कमी झाले की हातापायांना मुंग्या, विसरणे, चिडचिड, उदासी अशी लक्षणे दिसू शकतात. ही कमतरता गोळ्या किंवा इंजेक्शनांनी भरून काढता येते आणि त्याने व्रताला कोठेही बाधा येत नाही. तथापि ब-१२ कमी निघाले म्हणजे नैराश्य नाहीच, अशी सुटका करून घेऊ नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

छातीत धडधड आणि रिकामा ईसीजी

दुसरा नेहमीचा आजार चिंतेचा. त्यातही ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, तो आपल्या घरांना चांगलाच परिचित आहे, फक्त त्या नावाने नाही. अचानक छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, हातपाय बधिर होतात, आता आपण मरणार अशी खात्री वाटते. काही मिनिटांतच त्रास शिगेला पोहोचतो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतो. मध्यरात्री रुग्णालयात धाव घ्यावी, तर ईसीजी निर्दोष. डॉक्टर म्हणतात, "तुम्हाला काही झालेले नाही." हे वाक्य रुग्णाला अपमानासारखे लागते, कारण त्याला झालेले असते. चाळिशीपुढच्या माणसाने पहिल्या वेळी हृदय तपासून घेणे योग्यच. पण चौथ्यांदा, पाचव्यांदाही तेच करीत राहणे म्हणजे चुकीच्या खात्यावर रक्कम जमा करीत राहणे. हा आजार औषधाने आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाने चांगला आटोक्यात येतो. उपचार न केल्यास माणूस हळूहळू गाडी चालविणे सोडतो, लिफ्ट सोडतो, एकट्याने परगावी खरेदीला जाणे सोडतो.

धर्म कोठे आणि आजार कोठे

आता ज्या आजाराची ओळख आपल्या समाजाला सर्वांत कठीण जाते, त्याकडे वळू. त्याला मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरी संक्षेप ओसीडी. नको असलेला विचार पुन:पुन्हा मनात घुसतो, त्याने भीती वाटते आणि ती भीती घालविण्यासाठी माणूस एखादी कृती वारंवार करतो. हात धुणे, कुलूप तपासणे, नोटा मोजणे ही रूपे सर्वांना माहीत आहेत. परंतु हा आजार ज्या घरात जातो, त्या घराची भाषा शिकतो. आपल्या घरात तो अहिंसा आणि शुद्धी यांची भाषा बोलतो.

सतरा वर्षांची एखादी मुलगी नवकाराची माळ घेऊन बसते. एक मणी घाईत सरकला असे वाटले की माळ पहिल्यापासून. पुन्हा शंका, पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांच्या जपाला दोन तास लागतात, महाविद्यालयाची वेळ टळते. रस्त्यात पायाखाली मुंगी आली असेल या शंकेने ती मागे वळून पाहत जाते. पाणी गाळलेले असूनही पुन्हा गाळते. भगवंतांच्या मूर्तीसमोर तिच्या मनात अभद्र विचार येतात आणि ती रडत आईला विचारते, "मला नरक मिळेल का गं?" आजी कौतुकाने म्हणते, "पोर फार धर्मिष्ठ आहे."

धर्म आणि आजार यांतील फरक कसा ओळखावा? व्रत पूर्ण झाले की मनाला समाधान लाभते. मंत्रचळात कृती कधी पूर्णच होत नाही. सामायिकाला ठरलेली मुदत असते, ४८ मिनिटे झाली की ते पाळता येते. मंत्रचळाला मुदत नसते. व्रत माणूस स्वेच्छेने घेतो; येथे तो म्हणतो, मला करायचे नाही पण केल्यावाचून राहवत नाही. विचार आणि कृती मिळून दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा शिक्षण, काम, झोप बिघडत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. अभद्र विचार येणे हे पापी मनाचे लक्षण नसून या आजाराचे अत्यंत सामान्य लक्षण आहे. ज्याला धर्म सर्वांत प्रिय, त्यालाच धर्माविषयीचे विचार छळतात.

उपचाराचा भाग येथे थोडा निष्ठुर वाटतो. मानसशास्त्रज्ञ रुग्णाला भीतीच्या समोर हळूहळू उभे करतात आणि ती वारंवार केली जाणारी कृती करू देत नाहीत. माळ एकदाच, शंका आली तरी परत सुरुवात नाही. पहिले काही दिवस जीव कासावीस होतो, नंतर भीती आपोआप उतरते. घरच्यांनी यात एक पथ्य पाळायचे असते : "नाही गं, तुला पाप लागणार नाही," असे दिवसातून पन्नास वेळा सांगणे थांबवायचे. ते सांत्वन नसते, ते आजाराला घातलेले खतपाणी असते. शक्य असेल तर गुरुमहाराजांना किंवा साध्वीजींना विश्वासात घ्यावे. आलोचना एकदा झाली, प्रायश्चित्त एकदा मिळाले, आता पुन्हा विचारू नकोस, असे त्यांनी सांगितले तर ते शब्द घरातील कोणाहीपेक्षा अधिक काम करतात. याच्या जोडीला औषध द्यावे लागते. ते नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत लागते आणि गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

तेजीचा आजार

व्यापारी घरात उशिरा ओळखला जाणारा आणखी एक आजार आहे. त्यात नैराश्याचे झटके येतात आणि मध्येच उलट दिशेची लाट येते. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. लाट आलेली असताना माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो, अखंड बोलतो, एकाच आठवड्यात दोन प्लॉटचे बयाणे देतो, शेअर बाजारात ऑप्शनचे मोठे सौदे करतो, नातेवाइकांना अवाच्या सवा देणग्या जाहीर करतो, अडविले की भडकतो. इतर घरांत हे लवकर खटकते. आपल्याकडे मात्र काही दिवस 'धडाडी' म्हणून त्याची वाखाणणी होते, आणि बँकेचा फोन आला की मग डोळे उघडतात. असे वागणे आठवडाभर किंवा अधिक टिकले आणि ते त्या माणसाच्या मूळ स्वभावाला सोडून असले, तर तातडीने दाखवावे.

डॉक्टरांना पूर्वी आलेल्या अशा लाटेची माहिती न देणे धोक्याचे आहे. रुग्ण उदास अवस्थेत येतो, जुनी गोष्ट झाकली जाते, डॉक्टर केवळ नैराश्याचे औषध देतात, आणि त्या औषधाने उलट लाट उसळू शकते. या आजारासाठी वेगळी औषधे आहेत. त्यांतील लिथियम हे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी वापरात आणले. ते आजही पहिल्या रांगेत आहे, आणि त्याच्याशी आपल्या तपश्चर्येचा थेट संबंध येतो.

गोळी, सूर्यास्त आणि उपवास

नैराश्य, चिंता आणि मंत्रचळ या तिन्हींवर सध्या जी औषधे प्रथम दिली जातात, ती मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या देवघेवीवर काम करतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन ही त्यांतील प्रचलित नावे. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास आधी आणि लाभ नंतर. अर्धी औषधे या पहिल्या पंधरवड्यातच बंद पडत असावीत. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते आणि थांबवायचे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू मात्रा उतरवीत. एकदम थांबविले तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारखे झटके असा त्रास होतो. पंचवीसच्या आतील तरुणांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी अधिक लक्ष ठेवावे, कारण या काळात क्वचित मरणाचे विचार वाढू शकतात. दांपत्यजीवनात अडचण येते, अशीही तक्रार असते. ती संकोच न करता डॉक्टरांना सांगावी, औषध बदलता येते. रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी चालू असल्यास तीही सांगावी, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

"या गोळ्यांची सवय लागते," असे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतेच. वर सांगितलेल्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. व्यसन लागते ते अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम यांसारख्या शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचे. गंमत अशी की, माणसे डॉक्टरांनी दिलेली पहिली गोळी भीतीने टाकून देतात आणि ओळखीच्या मेडिकल दुकानातून दुसरी वर्षानुवर्षे आणून घेतात. औषधाच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांनी ओळखीखातर अशी गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये, एवढी विनंती येथेच करतो.

आता रात्रिभोजनाचा प्रश्न. यांतील पुष्कळ औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात आणि ती सकाळी नाश्त्यानंतर घेतली तरी चालतात. आपला चौविहार आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. झोप आणणारे औषध असेल तर ते सूर्यास्तापूर्वी किती वाजता घ्यावे, हेही विचारावे. आपण सांगितलेच नाही, डॉक्टरांनी "रात्री झोपताना" असे लिहिले आणि घरी येऊन गोळी पुडीतच राहिली, असे घडते. पुढच्या भेटीत डॉक्टर समजतात की औषध लागू पडले नाही, आणि मात्रा वाढवितात.

कॅप्सूलचेही तसेच. बहुतेक कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनलेले असते. फ्लुओक्सेटिन बहुधा कॅप्सूलमध्ये मिळते. एस्सिटॅलोप्रॅम व सर्ट्रालीन गोळीच्या रूपात मिळतात. वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही बनतात. डॉक्टरांना विचारले की पर्याय निघतो. गुपचूप कॅप्सूल फोडून पूड पाण्यात घेणे मात्र करू नये. काही औषधांचे काम त्याने बिघडते.

आणि उपवास. लिथियमची रक्तातील योग्य पातळी आणि घातक पातळी यांत फार थोडे अंतर असते. दीर्घकाळच्या उपचारात ती साधारण ०.६ ते १.० या मर्यादेत राखतात. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. चौविहार उपवासात पाणीही नसते. तिविहार उपवासात पाणी असले तरी मीठ नसते. आयंबिलातही पुष्कळदा मीठ घटते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे, गुंगी ही विषबाधेची लक्षणे आहेत. अठ्ठाईच्या पाचव्या दिवशी असे झाले तर घरचे 'उपवासाचा अशक्तपणा' समजून पारण्याची वाट पाहतील, आणि तो उशीर जिवावर बेतू शकतो. लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही उपवास करू नये. बायपोलरच्या रुग्णाने रात्रीची जागरणेही टाळावीत. झोप तुटल्याने लाट उसळते, हे पक्के ठाऊक झालेले आहे.

येथे कोणी म्हणेल की औषधासाठी तप सोडायचे काय? पच्चक्खाणाच्या सूत्रांतच आगार दिलेले आहेत आणि त्यांत सर्वसमाधीचा आगार आहे. तीव्र व्याधीमुळे समाधी ढळत असेल तर ती टिकविण्यासाठी औषध घेतल्याने पच्चक्खाण भंगत नाही, ही तरतूद पूर्वाचार्यांनीच करून ठेवली आहे. ती मधुमेहाला लागू होते आणि मनाच्या आजाराला होत नाही, असे कोठेही म्हटलेले नाही. असातावेदनीय कर्माचा उदय म्हणून सहन करावे, असे जे सांगतात त्यांनी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीकडे एकदा पाहावे. शिवाय ज्यांना समुपदेशन हवे, जप-ध्यान हवे, त्यांनी ते औषधाच्या जोडीला अवश्य करावे. मात्र तीव्र नैराश्यात मन एकाग्रच होत नाही. अशा माणसाला "ध्यान कर" म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाने प्रदक्षिणा घालायला सांगण्यासारखे आहे. आधी पाय जुळू द्यावा.

बोलून बरे होणे

केवळ बोलण्याने आजार कसा जाईल, हा व्यवहारी प्रश्न आहे आणि त्याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळालेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या 'संगथ' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या सामान्य स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ भेटींचा उपचार करविला. त्यात गूढ काही नव्हते. रुग्णाने सोडून दिलेली कामे कोणती, त्यांतील लहानात लहान काम उद्या कोणते करता येईल, ते केल्यावर कसे वाटले, याचा पाठपुरावा. मन बरे झाल्यावर काम करीन, या क्रमाऐवजी काम सुरू केले की मन सावरू लागते, हा क्रम. तीन महिन्यांनंतर असा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या महिला मंडळांतील निवृत्त शिक्षिकांना असे प्रशिक्षण देता येणार नाही काय? संघाच्या वार्षिक अंदाजपत्रकात हा खर्च फार मोठा नाही.

मरणाची भाषा

हा भाग लिहिताना हात जड होतो. पण टाळणे योग्य नाही. नैराश्यातील माणसाला मरणाविषयी विचारले तर तो विचार त्याच्या मनात आपण घालू, असा समज आहे. तसे होत नाही. "जगणे नको वाटते का? तसा काही विचार येतो का?" असे शांतपणे विचारले तर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. कर्जाचा बोजा, परत न आलेली उधारी, करखात्याची नोटीस, परीक्षेतील अपयश, ही निमित्ते असतात. उपादान बहुधा न ओळखलेला आजार असतो. "माझ्यामागे सगळे सुखी राहतील," असे कोणी म्हणू लागला, विम्याचे कागद काढून ठेवू लागला, सर्वांशी खमतखामणा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये.

घरातील वृद्धांबाबत एक नाजूक गोष्ट. पत्नीच्या निधनानंतर चार महिन्यांनी सत्तरीचे आजोबा जेवण सोडतात आणि म्हणतात, "मला आता संथारा घ्यायचा आहे." संथारा अर्थात सल्लेखना हे आपले महाव्रत नव्हे, पण जीवनाची परमसाधना आहे आणि तिच्या अटी कडक आहेत. मन प्रसन्न व निष्कषाय असावे, मरणाची इच्छा हाही तिथे अतिचार मानला आहे, गुरूंची आज्ञा हवी. जगण्याचा कंटाळा हा त्या साधनेचा पाया असू शकत नाही. म्हणून अशा वेळी प्रथम त्यांना डॉक्टरांना दाखवावे. वृद्धापकाळचे नैराश्यही उपचाराने बरे होते, आणि बरे झाल्यावर तेच आजोबा नातवाला पाढे शिकवीत बसलेले दिसतात.

लग्नाचा विषय

पत्नीच्या त्या पहिल्या प्रश्नाकडे परत यावे लागेल, कारण तो खोटा नाही. समाज लहान, नाती गुंतलेली, बातमी वेगाने पसरते. पण लपविण्याची किंमत काय पडते, हेही पाहावे. मुलीचे औषध लग्नाच्या महिनाभर आधी बंद केले जाते, सासरी गोळ्या ठेवायला जागा नसते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आजार दुप्पट जोराने उलटतो. मग दोन्ही घरे होरपळतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा जैनांनाही लागू आहे आणि महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळविलेली संमती हे विवाह रद्द ठरविण्याचे कारण होऊ शकते. बोलणी ठरण्याच्या टप्प्यावर, दोन जबाबदार माणसांमध्ये, डॉक्टरांचे मत सोबत ठेवून सांगितलेली गोष्ट अनेकदा पचते. विवाहयोग्य मुलींच्या बाबतीत आणखी एक : सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक ठरू शकते. ते चालू असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून पर्याय ठरवावा. स्वतः होऊन बंद करू नये.

गुप्ततेविषयी कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. भूल दिल्याशिवाय विजेचा उपचार करण्यास याच कायद्याने बंदी आहे. तेव्हा चित्रपटात पाहिलेल्या 'शॉक'ची धास्ती सोडावी. केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते, मराठीतही बोलता येते, आणि तेथे कोणी आडनाव ओळखून 'तुम्ही अमक्यांचे का' असे विचारीत नाही.

धान्याच्या व्यापारातील त्या गृहस्थांना औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात प्रथम सलग सहा तास झोप लागली. दुसऱ्या महिन्यात ते पेढीवर दोन तास बसू लागले. डॉक्टरांनीच दोन तास सांगितले होते, तिसरा नाही. पर्युषणाच्या सुमारास त्यांनी औषध थांबवू का, असे विचारले. डॉक्टर म्हणाले, "अजून नाही. दिवाळीचे वहीपूजन होऊ द्या, मग फाल्गुनापर्यंत पाहू." त्यांनी संवत्सरीचा उपवास केला, सकाळची गोळी कशी आणि केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना आणि महाराजांना आधी विचारून. मुलीच्या भावी सासऱ्यांना त्यांनी स्वतःच सगळे सांगितले. ते ऐकून थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या धाकट्या भावाला दाखवायचे आहे. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्याल?"